पंचाहत्तर वर्षे कशाची?

काळी नदी जिथे उगम पावते त्या परिसरातले, कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यातले दिग्गी हे गाव. तिथल्या एका कुणबी कुटुंबाने कसत असलेल्या वनजमिनीवर 2006 च्या वनहक्क कायद्याखाली दावा लावला आहे, असे समजून कायद्याच्या विद्यार्थ्यांना प्रश्न घालावा. कायद्याचा इतिहास आणि पाठ केलेली कलमे यांनी पाने भरतील. पण कलम आणि वस्तुस्थिती यांची सांगड कितीजण घालतील?

आधी दर्जा पाहा. गोव्यातले कुणबी 2003 पासून अनुसूचित जमातीत आहेत, कर्नाटकातले नाहीत. म्हणून दिग्गीच्या दावेदाराला ‘इतर पारंपरिक वननिवासी’ ठरावे लागते: 13 डिसेंबर 2005 पूर्वी किमान तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षे, वनात प्रामुख्याने वास्तव्य आणि उपजीविकेसाठी वनावर अवलंबून असणे. ही 75 वर्षे वास्तव्याची. जमिनीचा ताबा ही कलम 4 मधली निराळी अट आहे. तो 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा असला की पुरे. हे दोन घटक एकत्र कालवले, की त्याच तुकड्यावरचा 1930 सालचा कागद मागितला जातो आणि खरा दावा बुडतो. एवढी एक चूक टाळायला शिकवले, तरी मला ते वर्षभराच्या व्याख्यानांपेक्षा मोलाचे वाटते.

मग पुरावा. 1862 ते 1956 दिग्गीचा जिल्हा, म्हणजे तेव्हाचा कानडा, मुंबईच्या कारभारात होता, त्यामुळे जुनी दफ्तरे तिकडचीही चाळावी लागतात. या कायद्याखालच्या नियम 13 मध्ये गॅझेटियर पुरावा म्हणून चालते, आणि कानडा जिल्ह्याचे गॅझेटियर 1883 चे आहे. मात्र ते समाजाबद्दल सांगेल, या घराबद्दल नाही. ती फट वडीलधाऱ्यांच्या लेखी जबान्या, जुने बांध, विहिरी, दफनभूमी यांनी भरायची. हे पुरावेही त्याच नियमात आहेत. कोणता पुरावा कोणता घटक सिद्ध करतो, हे उत्तरात वाक्यावाक्याने लिहिले पाहिजे. विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट आक्षेपही तिथेच मांडून खोडला पाहिजे.

प्राध्यापकांना माझी विनंती आहे: येत्या सत्रात मालमत्ता, पुरावा आणि प्रशासकीय कायदा यांचा मिळून असा एक प्रश्न काढा, आणि निम्म्याहून अधिक गुण या जुळवणीला ठेवा.