कुत्र्याचा पट्टा आणि गळ्यातलं मडकं

अ‍ॅम्स्टरडॅमचं राइक्सम्युझियम पाहून आलेल्या आपल्या माणसाला विचारा, काय पाहिलंत? उत्तर ठरलेलं असतं : रेम्ब्रांटचं ‘नाइट वॉच’. आम्हीही ते पाहिलं. चित्र मोठं आहे, याबद्दल आमचा वाद नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. या वास्तूत पूजा कशाची मांडली आहे आणि पूजेचं सामान कुणाच्या रक्ताघामातून आलं?

पूजा हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. १८८५ साली उघडलेली ही इमारत पिएर कौपर्स या वास्तुविशारदाची. त्याने आयुष्यभर चर्चेस बांधली आणि इथेही तेच केलं. लांबलचक दालन, दोन्ही बाजूंना कोनाडे, त्यांत थोर चित्रकार, आणि टोकाला गाभाऱ्यात मूर्ती बसवावी तसं १६४२चं ‘नाइट वॉच’. (या इमारतीच्या पोटातून सायकलींचा रस्ता आरपार जातो, हे मात्र आम्हाला फार आवडलं. आमच्याकडे एखाद्या गाभाऱ्याखालून कुणी सायकल काढून दाखवावी!)

रेम्ब्रांटनेच १६३४ साली रंगवलेली मार्टेन सोलमन्स आणि त्याची बायको ओप्येन यांची उभी चित्रं घ्या. २०१६ साली नेदरलँड्स आणि फ्रान्स या दोन सरकारांनी मिळून ती १६ कोटी युरोंना विकत घेतली. काळं रेशीम, पांढरी झालर, बुटांवरची फुलं! पैसा कुठला? मार्टेनच्या बापाचा साखर शुद्ध करण्याचा कारखाना होता. कच्ची साखर ब्राझीलच्या मळ्यांतून यायची आणि त्या मळ्यांत आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम राबायचे. मार्टेन मेल्यावर ओप्येनने दुसरं लग्न केलं ते ब्राझीलमध्ये सैनिक राहिलेल्या माणसाशी. तिथे त्याने फ्रान्सिस्का नावाच्या एका आफ्रिकन स्त्रीला डांबून ठेवून तिच्यावर बलात्कार केला होता. तिला त्याच्यापासून मुलगी झाली. ओप्येनच्या झालरीचा धागा न् धागा रंगवलेला आहे. फ्रान्सिस्काचा चेहरा कुणी रंगवला नाही.

ही हकीकत आम्ही कुठल्या गुप्त कागदातून काढलेली नाही. ती खुद्द या संग्रहालयानेच २०२१च्या गुलामगिरीवरील प्रदर्शनात सांगितली. दहा माणसांच्या दहा खऱ्या कथा होत्या. १७९५ साली क्युरासाव बेटावर गुलामांचा उठाव करणारा तुला त्यांत होता आणि ओप्येनही होती. शिवाय कायमच्या दालनांतल्या ७७ वस्तूंशेजारी नव्या पाट्या लावल्या गेल्या, त्या वस्तूचा गुलामगिरीशी काय संबंध ते सांगणाऱ्या.

त्या प्रदर्शनातली एक वस्तू आमच्या डोक्यातून जात नाही. नासाऊ घराण्याचं चिन्ह असलेला एक पितळी पट्टा. संग्रहालयाच्या दफ्तरी तो कुत्र्याचा पट्टा म्हणून नोंदलेला होता. पण त्या काळातल्या श्रीमंतांच्या चित्रांत गोऱ्या मालकामागे उभ्या असलेल्या काळ्या पोरांच्या गळ्यात असेच धातूचे पट्टे दिसतात. मग हा कुत्र्याचा कशावरून, असा प्रश्न तिथल्या अभ्यासकांनी अखेर विचारला. चित्रं तीच होती, पट्टा तोच होता, पाहणारे विद्वानही कमी नव्हते. नोंद करणाऱ्याला गळ्यात पट्टा घातलेला माणूस सुचलाच नाही.

पेशवाईतल्या पुण्यात आमच्या पूर्वजांच्या गळ्यात थुंकीसाठी मडकं आणि कमरेला पाऊलखुणा पुसायला झाडू होता, हे बाबासाहेबांनी १९३६ साली लिहून ठेवलं. पेशव्यांच्या पगड्या, पालख्या, झुंबरं आम्ही संग्रहालयांत अनेकदा पाहिली. ते मडकं कुठल्या सरकारी काचेच्या कपाटात आहे? डचांनी निदान पट्टा ठेवला, नाव चुकीचं दिलं. आमच्याकडे मडकं फुटलं की पुरावा गेला, आणि मग ‘असं काही नव्हतंच’ म्हणायला मंडळी मोकळी.

पण डचांचे गोडवे गाणंही आम्हाला जमणार नाही. हे प्रदर्शन काही गोऱ्या मनाचा उमाळा नव्हता. सुरिनाम आणि कॅरिबियन बेटांवरून आलेल्या गुलामांच्या वंशजांनी पिढ्यान् पिढ्या रेटा लावला, तेव्हा ते झालं. २००२ साली अ‍ॅम्स्टरडॅममध्ये गुलामगिरीचं राष्ट्रीय स्मारक उघडलं, तेव्हा राणी आणि पाहुणे आत होते आणि ज्यांचे पूर्वज विकले गेले ते सामान्य लोक कुंपणाबाहेर. पंतप्रधानांची माफी आली डिसेंबर २०२२मध्ये, राजाची १ जुलै २०२३ रोजी. आणि ‘सुवर्णयुग’ हा शब्द? अ‍ॅम्स्टरडॅम म्युझियमने तो २०१९ साली सोडला. राइक्सम्युझियमने सोडला नाही. सोनं कुणाचं आणि युग कुणाचं, हे विचारायला आपल्याला डच भाषा यायची गरज नाही.

सुरिनाममध्ये गुलामगिरी कायद्याने संपली १८६३ साली. भरपाई मिळाली ती मालकांना, डोईमागे ३०० गिल्डर. गुलामांना मिळालं काय, तर आणखी दहा वर्षं सरकारी देखरेखीखाली त्याच मळ्यांत काम. ती सक्ती सुटली १८७३मध्ये. त्याच वर्षी जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ छापली आणि ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. त्याच वर्षी ‘लल्ला रूख’ जहाज कलकत्त्याहून हिंदुस्थानी गिरमिटिया मजूर घेऊन सुरिनामला पोचलं. मोकळे झालेले हात भरून काढायला आमचेच हात गेले.

आता ज्याबद्दल कुणीच बोलत नाही, तो मुद्दा. त्या दहा कथांत ‘फान बेंगालेन’ अशी एक होती, म्हणजे ‘बंगालचा’. डच कंपनीने बंगाल, कोरोमंडल, मलबारच्या किनाऱ्यांवरूनही माणसं नेली. गुलामाचं खरं नाव पुसायचं आणि मागे मुलुखाचं नाव जोडायचं : बंगालचा, मलबारचा. संग्रहालयाची गोष्ट बंदरापासून सुरू होते. बंदरापर्यंत त्या माणसाला कुणी आणलं? १६६३पासून १७९५पर्यंत कोचीन डचांकडे होतं. तिथल्या डच कागदांत विकलेल्या माणसाची जातही लिहिलेली सापडते आणि तीत पुलयांसारख्या जाती आहेत. पुलया तर जमिनीबरोबर विकले जाणारे, पिढीजात शेतगुलाम. डचांनी त्यांना गुलाम केलं नाही, ते गुलाम म्हणूनच बाजारात आले होते. डचांचा गुन्हा याने तसूभर कमी होत नाही. पण विकणाऱ्याचं नाव कुठल्या पाटीवर येणार?

ते कागद हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, काही चेन्नईला आहेत. ते वाचायला डच शिकलेली आमची पोरं हवीत. आणि इथे गंमत पाहा. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे. २०२२ साली तिच्या नियमावलीत एक ओळ घातली गेली : भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचं सामाजिक संशोधन या विषयांसाठी ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. म्हणजे पुलयांच्या विक्रीचे कागद वाचायला एखादी पुलयांची मुलगी हेगला निघाली, तर तिने पदरचे पैसे घालून जावं.