तेल गेलं कुठे?

आमच्या उर्दू शाळेत प्रयोगशाळा नाही, परात आहे. मी भाषा शिकवणारा. विज्ञानाची जागा रिकामी म्हणून तो तासही माझ्याकडे आला. परवा आठवीच्या मुलींनी परातीत पाणी घेतलं, दोन चमचे तेल सोडलं आणि घरून आणलेलं सामान एकेक करून आजमावलं : कापूस, भुसा, नारळाचा काथ्या, सलूनमधले केस आणि शेवटी भांड्यांचा साबण.

कापसाने तेल टिपलं, पण पाणीही प्यायलं. केसांना तेल चिकटलं, पाणी कमी. साबणाचा थेंब पडताच तवंग फाटला. पाणी ढवळलं तर दिसेनासा झाला. सगळ्यांनी साबणाला पहिला नंबर दिला. मच्छीमाराच्या घरातली एक मुलगी मात्र म्हणाली, "सर, तेल गेलं कुठे? खालीच ना? मासे तर खालीच असतात!"

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' ही जहाजं धडकली, शेकडो टन तेल समुद्रात गेलं. तवंग फोडणारी रसायनं वापरावीत की नाही, यावर शास्त्रज्ञांचा वाद याच प्रश्नाभोवती फिरतो.

बी.एड.पासून मला पाठ टाचणात 'अपेक्षित उत्तर' आधीच लिहायची सवय. त्या दिवशी तसं केलं असतं, तर हा प्रश्न वर्गात उठलाच नसता. प्रयोगशाळा आपण मागूच, तो मुलांचा हक्क आहे. पण ती येईपर्यंत उत्तरं फळ्यावरून उतरवून देऊ नयेत. परात तर प्रत्येक घरात आहे.