योग्य सभेचा शोध

सप्तव्यसनांत गणलेले मद्य जैन कुटुंबात शिरले की त्याविषयी मौन पाळण्याकडेच सर्वांचा कल असतो. दुकान उशिरा उघडले तर प्रकृतीचे निमित्त सांगितले जाते, पेढीवरचा हिशेब चुकला तर मुनिमाला बोल लागतो, आणि मुलीचे लग्न ठरेपर्यंत तरी ही गोष्ट बाहेर जाऊ नये म्हणून पत्नी सारे सहन करते. व्यापारी घराण्याला पत हीच पुंजी असल्याने ती जपण्याची ही धडपड समजण्याजोगी आहे. परंतु या मौनाच्या आडोशाला व्यसन बळावत जाते.

अशा व्यक्तीने साधु-साध्वींसमोर मनापासून नियम घेतलेला असतो आणि तो पंधरवड्यात मोडलेलाही असतो. मग घरच्यांना तो ढोंगी वाटू लागतो. वस्तुतः मद्यावलंबन हा वैद्यकशास्त्राने मान्य केलेला आजार आहे. केवळ निश्चयाने तो हटेलच असे नाही. दीर्घकाळ रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केल्यास झटके येणे, भ्रम होणे असे जिवावर बेतणारे प्रकारही घडतात. म्हणून प्रथम डॉक्टरांचा सल्ला आवश्यक. त्यानंतर प्रश्न उरतो तो पुढच्या प्रत्येक दिवसाचा. तेथे समदुःखी माणसांची सभा उपयोगी पडते.

अशा सभांच्या आरंभाशी एक फसलेला सौदा आहे. १९३५ साली बिल विल्सन हे न्यूयॉर्कचे शेअर दलाल व्यवसायानिमित्त ओहायोतील अ‍ॅक्रन शहरी गेले होते. दारू सोडून त्यांना काही महिनेच झाले होते. सौदा फिसकटला आणि हॉटेलात एकटे असताना पिण्याची ओढ पुन्हा जागी झाली. तेव्हा त्यांनी दूरध्वनी करून आपल्यासारख्याच एखाद्या व्यसनपीडिताचा शोध घेतला. त्यातून शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ यांची गाठ पडली आणि पुढे अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही संघटना उभी राहिली. येथे प्रवेशशुल्क नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सदस्यत्वाची अट. खुल्या सभेस आप्तही बसू शकतात. बंद सभा केवळ व्यसनाशी झगडणाऱ्यांसाठी असते. आडनाव सांगावे लागत नाही आणि तेथे ऐकलेले बाहेर न नेण्याचा संकेत पाळला जातो.

तरीही पहिल्याच सभेत मन रमेल असे नाही. भाषा परकी वाटते, बोलणारे वेगळ्या थरातले असतात, किंवा बाजारातले कोणी भेटेल ही धास्ती असते. भेटलेच, तर तेही त्याच कारणाने आलेले असणार, एवढे ध्यानी घ्यावे. संकोच फारच असल्यास दुसऱ्या भागातील सभेला जावे. मोठ्या शहरांत मराठी, हिंदी, इंग्रजी अशा निरनिराळ्या सभा भरतात. ऑनलाइन सभाही असतात. चौविहार पाळणाऱ्याने सायंकाळच्या भोजनाची वेळ पाहून सभा निवडावी. एका सभेवरून निर्णय न करता पाच-सहा ठिकाणी बसून पाहावे. जेथे नवख्याला हिणवले जात नाही, अनेक वर्षे दारूपासून दूर राहिलेली माणसे नियमित येतात आणि खरे बोलण्याचे धैर्य येते, ती सभा आपली समजावी. जेथे डॉक्टरांची औषधे बंद करण्यास सांगितले जाते किंवा पैशाची मागणी होते, तेथून मात्र दूर राहावे.

जैन साधकाला आणखी एक अडचण जाणवते. या संघटनेच्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख आहे, आणि जैन दर्शन जगत्कर्ता ईश्वर मानत नाही. परंतु त्या शक्तीचा अर्थ ज्याने त्याने आपल्या समजुतीनुसार लावावा, अशी मुभा तेथेच दिलेली आहे. अनेकजण समूहालाच ती शक्ती मानतात. आपले दोष दुसऱ्या व्यक्तीपुढे स्पष्टपणे मांडण्याची पाचवी पायरी तर आलोचनेच्या परंपरेत वाढलेल्याला अपरिचित वाटू नये.

घरच्यांनाही आधार हवा असतो. बिल यांच्या पत्नी लोइस विल्सन यांच्या पुढाकाराने १९५१ साली कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉन सुरू झाले. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली उभारलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींसाठी सहचरी हा गट चालतो. पतीची उधारी गुपचूप फेडणे, त्याच्यासाठी खोटे बोलणे, ही मदत नसून व्यसनाला मिळणारा आधार आहे, हे पत्नीला अशा ठिकाणी उमगते. जवळचे उपचार केंद्र शोधण्यासाठी १४४४६ ही शासकीय निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे.

सभेला जाऊ लागलेला माणूस एखाद्या वेळी घसरलाच, तर घरात पंचायत न बसवता त्याला त्याच आठवड्यात पुन्हा सभेला जाऊ द्यावे. त्या तासापुरते गल्ल्यावर बसायला भाऊ तयार झाला, आणि गिऱ्हाइकाने विचारले असता खोटे कारण न सांगता "कामाला गेलेत" एवढेच म्हणाला, तरी घराने बराच भार उचलला असे होईल.