घरात दुसरा कंट्रोलर हवाच
इंदूरच्या रामबागेत आमची भाचरं सुट्टीत जमली की ‘ड्रॅगन बॉल फायटरझेड’चा डाव रंगतो, आणि मीही त्यात जीव ओतून खेळते. जानेवारी 2018 मध्ये आलेला हा गेम जपानच्या आर्क सिस्टम वर्क्सने घडवला. पात्रं त्रिमितीय, पण दिसतात हाताने काढल्यासारखी. दोन मुद्रांमधलं गुळगुळीत सरकणं मुद्दाम गाळलेलं, सावल्यासुद्धा कलाकारांनी जागच्या जागी बसवलेल्या. मूळ ‘ड्रॅगन बॉल’ मांगाचे चित्रकार अकिरा तोरियामा यांच्या रेषेचा इतका मान राखलेला पाहून ऊर भरून येतो. तिघांचा संघ निवडायचा; एक लढत असताना दुसऱ्याला हाक मारून मदतीला आणायचं. सेकंदाला 60 फ्रेम पळतात, म्हणून ऑनलाइन लढतीत सिग्नल जरा रेंगाळला तरी वार अडवायची वेळ हुकते. 2024 मध्ये आलेल्या रोलबॅकने हे दुखणं बरंच हलकं केलं: समोरच्याची चाल अंदाजाने दाखवायची, अंदाज चुकला तर क्षणात मागे जाऊन दुरुस्त करायची. तरी एकाच सतरंजीवर खांद्याला खांदा लावून खेळण्याची सर त्याला नाही. पुण्याहून येणाऱ्या भावंडांसाठी घरोघरी दुसरा कंट्रोलर आत्ताच आणून ठेवावा.