‘रिझर्व्ह’ म्हणजे राखणे नव्हे

सेमाडोहच्या पर्यटन संकुलात येणारा प्रवासी खोली ‘रिझर्व्ह’ करतो आणि ज्या अरण्यात तो उतरतो तेही ‘रिझर्व्ह’च असते. या इंग्रजी क्रियापदाला आपण ‘राखणे’ हा प्रतिशब्द दिला, ‘राखीव’ हे विशेषण रूढ केले आणि निश्चिंत झालो. वास्तविक या दोन शब्दांचे कूळ निराळे, वृत्ती तर त्याहून निराळी!

‘रिझर्व्ह’चे मूळ लॅटिन ‘रेसेर्वारे’. ‘रे’ म्हणजे मागे आणि ‘सेर्वारे’ म्हणजे ठेवणे, जपणे. फ्रेंचमार्गे हा शब्द चौदाव्या शतकात इंग्रजीत आला. न्यायाधीश निर्णय रिझर्व्ह करतात, सेनापती पलटण रिझर्व्ह ठेवतो, मितभाषी माणूस ‘रिझर्व्ड’ ठरतो. सर्वत्र कोणीतरी काहीतरी आपल्यापाशी रोखून धरतो. ‘राखणे’ मात्र संस्कृत ‘रक्ष्’पासून आले. राखी त्याच कुळातली, राखणदारही. गुराखी तर बहुधा दुसऱ्याचीच गुरे राखतो. राखण्यासाठी मालकी लागत नाही. (‘हातचे राखणे’ मराठीतही आहे, पण तिथे ‘हातचे’ हा शब्द मुद्दाम जोडावा लागतो.)

वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. रेल्वेच्या रुळांखाली घालण्यासाठी त्यांना देशभरातून लाकूड हवे होते. १८७८च्या वन कायद्याने अरण्यांचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे तीन वर्ग पाडले. त्यांतील पहिला वर्ग सर्वांत कडक. म्हणजे राखले कोणासाठी? सरकारासाठी! आजही लागू असलेल्या १९२७च्या अधिनियमाचे २६ वे कलम राखीव वनातील विनापरवाना प्रवेश आणि चराई हे गुन्हे मानते. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट ही मेहेरबानीची सवलत झाली.

सेमाडोहच्या सिपना नदीचे नाव कोरकू भाषेतले आहे. सिपना म्हणजे साग. ज्या समाजाने नदीलाही सागाचे नाव दिले, त्याच्याच माथी ‘अतिक्रमण’ हा शब्द मारण्यात आला. १९७४ मध्ये मेळघाट देशातील पहिल्या व्याघ्रप्रकल्पांपैकी एक झाला, आणि वाघ जगलाच पाहिजे याविषयी कोणाही सुज्ञाचे दुमत नाही. परंतु वाघाचे रक्षण आणि वसाहतवादी मालकी एकाच शब्दाच्या पांघरुणाखाली झोपवल्या, की पहिल्याच्या पुण्याईवर दुसरी खपून जाते. ‘शब्दांवरून एवढे काहूर कशाला?’ असे विचारणाऱ्यांनी वनखात्याच्या दारात ‘हक्क’ आणि ‘सवलत’ यांतील अंतर एकदा मोजून पाहावे.

स्वतंत्र भारताच्या संसदेला या वनवासींवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाला, हे मान्य करायला २००६चा वनहक्क कायदा यावा लागला. त्या कायद्याखाली याच अमरावती जिल्ह्यातील पायविहीर गावाला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. ग्रामस्थांनी उजाड जमिनीवर झाडे लावली, ती जगवली, सीताफळे बाजारात नेली. २०१४ मध्ये गावाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पातळीवरील पुरस्कार मिळाला. तिथे अरण्य खरोखर राखले गेले, आणि ते ‘रिझर्व्ह’ करण्याची गरज कोणाला भासली नाही.