आधी कळस, मग शाळा?

‘देश आधी सधन होऊ द्या, शाळांचे मग पाहू’, असे म्हणणारे गृहस्थ आमच्या देवस्थानांच्या सभांतूनही भेटतात. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात प्रयोगादाखल सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते साऱ्या बडोदे संस्थानास, मुलींसुद्धा, लागू केले. त्यांनी सुबत्तेची वाट पाहिली नाही. वाचता येणारे कूळ सावकाराच्या खतावर आंधळा अंगठा उठवीत नाही. देशाची उन्नती तेथून सुरू होते.

गोखल्यांचे १९११ चे विधेयक तर याहून सौम्य होते. तेही १९१२ मध्ये फेटाळले गेले : लोकांची मागणी नाही, नवे कर नकोत! सरकार परके होते, असे म्हणून आम्ही ते सोडून देऊ. पण स्वकीयांचे काय? घटनेच्या ४५ व्या कलमाने घातलेली दहा वर्षांची मुदत १९६० मध्ये सरली. शिक्षणाचा हक्क अंमलात आला १ एप्रिल २०१० रोजी. एखादा ऋणको इतका थकता, तर त्याच्या घरादारावर जप्ती येती. मार्गदर्शक तत्त्वावर दावा लागत नाही, म्हणूनच ही चैन सरकारला परवडली.

आणि आम्ही तरी कोठे निराळे? कळसाला सोन्याचा मुलामा म्हटले की वर्गणी आठवड्यात जमते. शाळेचे छप्पर गळते म्हटले की ‘ते सरकारचे काम’. महाजनांनी येत्या जत्रेच्या अंदाजपत्रकात शाळेच्या कौलांचा खर्च आधी लिहावा, दारूकामाचा मागून.