केळीचा खांब फुकट देऊ नका

घड उतरला की केळीच्या खांबाचे काय करता? झाड घड देते एकदाच. मग खांब तोडायचा, मजुरी मोजायची आणि बांधावर नेऊन टाकायचा. रावेर-यावल पट्ट्यात हे नेहमीचेच. पण याच खांबाच्या सोपटातून धागा निघतो आणि धाग्याच्या लगद्यापासून कागद, पुठ्ठा होतो. गुजरातेत नवसारी कृषी विद्यापीठाने हे काम करून दाखवले आहे.

शास्त्रज्ञ आता त्याच्याही पुढे गेलेत. नुसत्या धाग्याने जंतू मरत नाहीत. म्हणून अशा कागदावर लवंगेच्या वा दालचिनीच्या तेलाचा लेप देऊन पाहतात. लवंगेतले युजेनॉल बुरशीची वाढ रोखते. फणी कापली की देठाच्या जखमेतून बुरशी शिरते आणि दिल्लीला पोचेस्तोवर माल काळा पडतो, हे तुम्हाला काय सांगावे! तिथे हा कागद कामी येऊ शकतो. काम झाले की तो खतात कुजतो.

पण लगेच हुरळून जाऊ नका. तेल हळूहळू उडून जाते, त्याचा वास फळाला लागतो, कागद ओल धरतो. शिवाय वेष्टनातून खाण्यात काय उतरते याची तपासणी हवीच. छपाईची शाई पोटात जाऊ नये म्हणून २०१८ च्या नियमांनी वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला मनाई केली. तेव्हा हे पान वाचा जरूर, भजी मात्र यात बांधू नका!

खरा प्रश्न आहे पैशाचा. खांबात ९० टक्क्यांच्या आसपास पाणीच. तो ट्रकमध्ये घालून दूरच्या कारखान्यात नेला तर सारे भाड्यातच जाईल. म्हणून धागा काढायचे यंत्र गावातच हवे, तेही सोसायटीचे नाहीतर बचतगटाचे. गावाबाहेर जावा तो वाळलेला धागा. चोथा आणि पाणी शेतातच राहील, जमिनीचे पालाश जमिनीला परत मिळेल.

नाहीतर कोणीतरी खांब फुकट उचलून नेईल, ‘कचरा गेला, बरे झाले’ असे आपण म्हणू, आणि उद्या त्याचेच खोके रोख पैसे देऊन विकत घेऊ. येत्या ग्रामसभेत हा विषय काढा. जळगावच्या केळी संशोधन केंद्रात जाऊन माहिती घ्या. आणि कोणी खांब मागायला आलाच, तर आधी भाव विचारा.